आधी उसाला, मग न्हाणीला

आमच्याकडं जुन्या घरांत बाथरूम नव्हती, न्हाणी होती. न्हाणी म्हंजे परसात मांडलेला एक सपाट दगड, भोवती तुराट्यांचा कूड नायतर पोत्याचा आडोसा. सांडपाणी चरीनं अळूला नायतर केळीला जायचं. पाणी तापवायला चुलाण, आणि ज्याची ऐपत त्याच्याकडं तांब्याचा बंब. गड्यांना विहिरीवर, ओढ्यावर कुठंबी आंघोळ चालायची. बायांना आडोसा लागायचा, म्हणून त्यांची आंघोळ दिवस उगवायच्या आत, अंधारात. आणि ते पाणीही त्यांनीच आदल्या दिवशी डोक्यावरनं आणलेलं.

नळ ही काय नवी गोष्ट न्हवती. औरंगाबादेत मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहर बांधून शहराला पाणी दिलं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातनं पाणी शहरात आणलं. पण ते सगळं शहरासाठी. खेड्यातल्या बाईला आड, ओढा आणि हंडा एवढंच ठाऊक.

माझ्या लहानपणी गावात आला तो लोखंडी नळ, जस्ताचा मुलामा दिलेला. वेशीत एक चावी बसवली होती, तिथं घागरींची रांग. घरात नळ घेणं सोपं न्हवतं. पाइप शिकंज्यात धरून डायनं आटे पाडायचे, वर तेल सोडत राहायचं, मग आट्यांना सफेदा आणि सुतळी गुंडाळून दोन पान्यांनी आवळायचं. ह्याला तालुक्याचा कारागीर लागायचा. शिवाय आमचं पाणी जड. दहा-पंधरा वर्षांत पाइपाच्या आत क्षार आणि गंज असा धरायचा, की अर्ध्या इंचातनं पेन्सिलीएवढी धार पडायची.

प्लास्टिकच्या पाइपाची गोष्ट लांबनं सुरू होते. 1872 साली जर्मनीत बाउमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला उन्हात ठेवलेल्या बाटलीत एक पांढरा पदार्थ तयार झालेला दिसला. तेच पीव्हीसी. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणाला कळलं नाही. त्याचे पाण्याचे पाइप जर्मनीतच 1930 नंतर निघाले. ह्या प्लास्टिकच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा क्लोरीनचा, आणि तो क्लोरीन निघतो साध्या मिठातनं. त्याला गंज नाही, आत क्षारही लवकर धरत नाही.

बाटलीतल्या त्या पदार्थाला शंभर वर्षं झाली, त्या साली आमच्याकडं 1972 चा दुष्काळ पडला. त्यानंतर माणसं पाण्याच्या मागं लागली. विहिरी खोल गेल्या, बोअर पडल्या, मोटारी बसल्या. पाटानं पाणी न्यायचं तर निम्मं वाटेतच मुरायचं. जळगावात भवरलाल जैनांनी 1980 साली पीव्हीसी पाइप करायला घेतले, पुण्याकडं फिनोलेक्सनंही त्याच सुमारास सुरुवात केली. बघता बघता राखाडी पाइप ट्रॅक्टरवर लादून गावोगाव आले. वीस फुटी पाइप एक माणूस खांद्यावर उचलतो, तसाच लोखंडी पाइप उचलायला दोघं लागायचे.

शेतकरी ह्या पाइपाचा स्वतःच कारागीर झाला. जोड संपले की टोक जाळावर शेकायचं, मऊ झालं की दुसऱ्या पाइपावर दाबून बसवायचं. आमच्या शेतात अशी लाईन 1986 साली पडली. विहिरीपासनं उसापर्यंत पाणी पोचलं. विहीर घरापासनं उसापेक्षा जवळ होती, तरी घरात हंड्यानंच पाणी यायचं. ही एकट्या आमच्या घरची गोष्ट न्हवती, अख्ख्या शिवारात हीच तऱ्हा. उसाचे पैसे येतात, न्हाणीचे येत नाहीत, असा हिशेब होता. त्या हिशेबात बाईच्या खेपा कुणी धरल्याच नाहीत.

आमच्या घरात बाथरूम झाली 1999 साली, शेतातल्या लाईनीनंतर तेरा वर्षांनी. आई तेव्हा सत्तरीला टेकली होती. दार लावून, उजेडात, उभ्या नळाखाली तिनं पहिली आंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाली, “एवढं पाणी माझ्या एकटीला?”

शेतातली कारागिरी बाथरूममधी चालत नाही. शेतात जोड गळला तर पाणी रानातच पडतं. भिंतीत गळला तर भिंत फुगते आणि फरशी फोडावी लागते. म्हणून पाइप काटकोनात कापायचा, काठावरचा भुसा कानशीनं काढायचा, टोक कोरडं पुसायचं. मग पाइपाला बाहेरनं आणि एल्बोला आतनं सोल्युशन लावून, पाइप तळापर्यंत घालून पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. सोल्युशन म्हंजे डिंक न्हवं. ते दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवतं, आणि वाळल्यावर दोन्हीचं मिळून एकच अंग होतं. म्हणून बसलेला जोड सुटत नाही, चुकला तर कापूनच काढावा लागतो. सोल्युशन पुरतं वाळलं की पाणी सोडून, दाब देऊन बघायचं आणि मगच प्लास्टर करायचं.

पुढं छपरावर सोलर आला आणि नवा पेच पडला. साधा पीव्हीसी 60 अंशांच्या पुढं मऊ पडतो. आमच्या आळीत एका घरी गवंड्यानं सोलरचं गरम पाणी साध्याच पाइपातनं खाली आणलं, तर उन्हाळ्यात पाइपाला झोळ आला. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, तो फिकट पिवळसर पाइप. त्यात क्लोरीन आणखी वाढवलेला असतो, म्हणून तो 90 अंशांपर्यंत टिकतो. त्याचं सोल्युशन वेगळं आणि जोडही वेगळे. आणि उघड्यावरच्या पाइपाला रंग द्यावा, नायतर ऊन खाऊन तो काचेगत ठिसूळ होतो.

एक गंमत मात्र सांगाविशी वाटते. बाथरूमच्या तळाला सांडपाण्याची जी जाळी असते, तिच्याखालच्या वाकड्या भांड्याला देशभरातले प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्यात दोन बोटं पाणी कायम साठून राहतं, त्यानं गटाराचा वास वर येत नाही. दगडाची न्हाणी गेली, तिचं नाव प्लास्टिकच्या भांड्याला चिकटून राहिलं.

2019 साली सरकारनं जल जीवन मिशन काढलं. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात नळानं द्यायचं, असं त्यात ठरलं. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. आईच्या पंधरा लिटरच्या हंड्यानं मोजलं तर अठरा खेपा. एवढ्या खेपा घालणं कुणाला शक्य न्हवतं, म्हणून घरातली बाई स्वतःचं पाणी कमी करत आली. आजबी कैक वाड्यांत पाइप आलाय आणि पाणी आलं नाही. चावी कोरडी असली की हंडा परत बाईच्याच डोक्यावर जातो. तवा गावात नवी लाईन पडताना तिचं पाणी कुठल्या रानाला जाणार एवढंच इचारू नका, कुणाच्या न्हाणीपर्यंत जाणार तेबी इचारा.