दुचाकीस्वारांचे हातमोजे

दुचाकीस्वारांचे हातमोजे हे मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड चालवताना हातांच्या रक्षणासाठी वापरले जाणारे खास बनावटीचे हातमोजे होत. पडल्यावर तळहाताची कातडी सोलली जाऊ नये, बोटांच्या सांध्यांवर व मनगटावर बसणारा मार सौम्य व्हावा, आणि थंडी, वारा व पाऊस यांत बोटांची हालचाल शाबूत राहावी, हे त्यांचे प्रमुख हेतू आहेत. नुसती ऊब देणारे लोकरी हातमोजे, उन्हासाठीचे सुती हातमोजे आणि कारखान्यातील कामाचे हातमोजे यांपासून ते रचनेने व साहित्याने वेगळे असतात. महाराष्ट्रातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात दुचाकींचे उत्पादन आणि कामगारांचा दैनंदिन दुचाकी प्रवास या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. त्यामुळे या साधनाच्या निवडीचा प्रश्न तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या परिसरात कारखानदारी झपाट्याने वाढली. आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या कारखान्यामुळे हा भाग स्कूटरशी कायमचा जोडला गेला. याच कंपनीचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. पुढे केटीएमची २०० ड्यूक (२०१२) आणि ट्रायम्फची स्पीड ४०० (२०२३) या गाड्याही चाकण येथे तयार होऊ लागल्या. स्कूटरच्या काळात हातमोजे म्हणजे थंडीचा कपडा अशीच समजूत होती. अधिक वेगाच्या गाड्या सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आल्यावर संरक्षक हातमोज्यांची बाजारपेठ वाढली आणि मुंबईची रायनॉक्स, बंगळुरूची व्हायाटेरा अशा भारतीय कंपन्या या क्षेत्रात उतरल्या.

या पट्ट्यातील कामगार पुणे-नाशिक रस्ता (भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर), तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग यांवरून ये-जा करतात. या रस्त्यांवर मालमोटारी व कंटेनर यांची वर्दळ मोठी असते. पहिल्या पाळीला जाणारा कामगार पहाटेच्या थंडीत निघतो, तर रात्रपाळी संपवून परतणारा थकलेल्या अवस्थेत त्याच थंडीत गाडी चालवतो. हिवाळ्यात पुणे परिसरातील किमान तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. इंद्रायणीच्या काठाने धुकेही पडते. पावसाचे मान मात्र थोड्याच अंतरात बदलते. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावरील लोणावळ्यात तो ४,००० मिलिमीटरहून अधिक असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने घाटाकडे जाणाऱ्या दुचाकीस्वाराला जुन्या महामार्गाचाच आधार घ्यावा लागतो.

हाताला होणाऱ्या इजा

तोल गेलेला मनुष्य नकळत हात पुढे करतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया असल्याने शिकवणीने किंवा सावधगिरीने ती टाळता येत नाही. त्यामुळे वेग कमी असला तरी पडणाऱ्याचा तळहात अनेकदा सर्वांत आधी रस्त्याला टेकतो. मानवी हातात २७ हाडे असतात. मनगटातील होडीच्या आकाराचे हाड (नौकाकृती अस्थी) अशा पडण्यात मोडण्याचा संभव मोठा असतो. या हाडाला होणारा रक्तपुरवठा मर्यादित असल्याने ते सावकाश जुळते आणि काही वेळा जुळतही नाही. हाताने काम करून पोट भरणाऱ्या जोडारी, वेल्डर किंवा यंत्रचालकासाठी ही इजा म्हणजे महिनोन्महिन्यांचा रोजगार बुडणे होय.

घसरत जाण्यातील धोका साध्या गणिताने समजतो. शरीर व डांबरी रस्ता यांतील घर्षणांक ०.६ धरल्यास ताशी ४० किलोमीटर वेगाने पडलेला मनुष्य थांबेपर्यंत सुमारे १० मीटर, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने पडलेला सुमारे २४ मीटर घसरतो. पहिल्या स्थितीत सुमारे २ सेकंद व दुसऱ्या स्थितीत जवळजवळ ३ सेकंद लागतात. उघडी कातडी किंवा साधे सुती कापड एवढा वेळ टिकत नाही.

थंडीचा परिणाम अप्रत्यक्ष असतो. बोटे बधिर झाली की क्लच व ब्रेक दाबण्यास उशीर होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते; म्हणजे अर्ध्या सेकंदाचा उशीरही ८ मीटरहून अधिक पडतो. पुढे अचानक थांबलेल्या मालमोटारीच्या संदर्भात हे अंतर निर्णायक ठरू शकते.

रचना

चांगल्या हातमोज्यात पुढील भाग पाहावयास मिळतात.

- तळवा : येथे चामड्याचा दुहेरी थर असतो. मनगटाजवळच्या उंचवट्यांवर अनेकदा कठीण, गुळगुळीत प्लास्टिकची चकती बसवलेली असते. तिच्यामुळे हात रस्त्याला अडकून न राहता घसरतो आणि मनगटावरील ताण कमी होतो.
- मुठीचे सांधे : येथे कठीण कवच व त्याखाली आघात शोषणारा मऊ थर असतो.
- बोटे : करंगळी व अनामिका एका पट्टीने जोडलेली असल्यास पडताना करंगळी एकटी मुरगळण्याचा धोका कमी होतो.
- मनगटाचा पट्टा : हा सर्वांत महत्त्वाचा, पण दुर्लक्षित भाग होय. पट्टा नसलेला हातमोजा पडताच हातातून निसटून जातो. मग त्याचे बाकीचे सर्व गुण व्यर्थ ठरतात.
- शिवण : ताण येणाऱ्या जागी दुहेरी टाके असावेत. बोटांच्या टोकांशी आतून टोचणारी शिवण नसावी.

साहित्य

गाईचे किंवा म्हशीचे चामडे जाड व घर्षणाला टिकणारे असते. बकरीचे चामडे पातळ असूनही चिवट व मऊ असल्याने ब्रेकच्या दांड्याचा अंदाज बोटांना चांगला येतो. शर्यतीच्या हातमोज्यांत कांगारूचे चामडेही वापरतात. हाताच्या पाठीवर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे मजबूत कापड वापरले जाते. अ‍ॅरामिड धाग्यांचे अस्तर घर्षण व उष्णता यांना टिकते. या वर्गातील केव्हलर हा धागा स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधील संशोधनातून पुढे आला. रेक्झिनसारखे कृत्रिम चामडे दिसायला अस्सल चामड्यासारखे असले, तरी घर्षणात ते लवकर फाटते.

ऊब

ऊब देण्याचे काम मुख्यतः कापडात अडकलेली स्थिर हवा करते. वाऱ्याने ही हवा हलली की ऊब जाते. १० अंश तापमानात ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांइतकी थंडी जाणवते. विणलेल्या लोकरी हातमोज्यांतून वारा आरपार जातो. म्हणून पायी चालताना उबदार वाटणारा हातमोजा गाडीवर निरुपयोगी ठरतो. त्यामुळे वारा अडवणारा बाहेरचा थर आणि उबदार आतला थर अशी जोडी आवश्यक असते.

अस्तर जितके जाड तितकी ऊब अधिक, हे पूर्णतः खरे नाही. तळव्याकडील जाड अस्तर मुठीवर दाबले जाते. दाबलेल्या अस्तरातील हवा निघून गेल्याने ऊब घटते आणि पकडही सैल होते. म्हणून चांगल्या हातमोज्यात पाठीकडे जाड व तळव्याकडे पातळ अस्तर असते. फार घट्ट हातमोज्यात बोटांचा रक्तप्रवाह मंदावतो आणि हात अधिकच गार पडतात. बॅटरीवर तापणारे हातमोजेही मिळतात. लडाख किंवा हिमाचल प्रदेशातील प्रवासात त्यांचा उपयोग होतो, पुणे जिल्ह्यातील हिवाळ्यात सहसा त्यांची गरज पडत नाही.

जलरोधकता

चामडे स्वभावतः जलरोधक नसते. हातमोजा जलरोधक करण्यासाठी बाहेरचे आवरण व अस्तर यांच्यामध्ये पातळ पटल घालतात. गोर-टेक्स हे अशा पटलांतील सर्वपरिचित नाव असून ते रॉबर्ट गोर यांच्या १९६९ मधील शोधावर आधारलेले आहे. या पटलातील छिद्रे पाण्याच्या थेंबाहून फार लहान, पण वाफेच्या रेणूहून मोठी असतात. त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ शकते.

या व्यवस्थेला काही मर्यादा आहेत. पटल कोरडे राहिले तरी बाहेरचे चामडे किंवा कापड पाणी शोषून जड होते आणि त्यातील पाण्याचे बाष्पीभवन होताना हात गार पडतो. पटल, अस्तर व आवरण एकमेकांना नीट जोडलेले नसल्यास ओला हात बाहेर काढताना अस्तरही उलटे बाहेर येते आणि पुन्हा बोटांत बसत नाही. खरेदीपूर्वी बोटांची टोके धरून अस्तर हलके ओढून पाहिल्यास हा दोष ओळखता येतो.

पाणी बहुधा मनगटाच्या तोंडातून शिरते. नेहमीच्या दुचाकीवर हात कोपराच्या खाली असल्याने बाहीवरून ओघळलेले पाणी हाताकडे येते. म्हणून पावसात हातमोज्याचा काठ रेनकोटच्या बाहीच्या आत असावा.

मानके व कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीस्वाराला शिरस्त्राण सक्तीचे आहे. या कलमात हातमोज्यांचा उल्लेख नाही. शिरस्त्राणांसाठी आयएस ४१५१ हे भारतीय मानक १ जून २०२१ पासून सक्तीने लागू झाले. हातमोज्यांच्या बाबतीत ग्राहकाला मुख्यतः ईएन १३५९४ या यूरोपीय मानकाचा आधार घ्यावा लागतो. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत दोन स्तर आहेत.

| कसोटी | स्तर १ | स्तर २ |
|---|---|---|
| तळव्याचा घर्षणात सरासरी टिकाव | किमान ४ सेकंद | किमान ८ सेकंद |
| मनगटाच्या पुढे काठाची लांबी | किमान १५ मिमी | किमान ५० मिमी |
| सांध्यांवरील आघातात आत पोहोचणारे सरासरी बल | कमाल ७ किलोन्यूटन | कमाल ४ किलोन्यूटन |

सांध्यांच्या आघाताची कसोटी उत्तीर्ण झाल्यास खुणेत ‘केपी’ ही अक्षरे असतात. तक्त्यातील सेकंद प्रयोगशाळेतील यंत्रावरचे आहेत. रस्त्यावर तेवढाच वेळ टिकाव लागेल असा त्यांचा अर्थ नाही.

केवळ ‘सीई’ ही अक्षरे पाहून समाधान मानणे योग्य नव्हे. कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या हातमोज्यांवरही ‘सीई’ खूण असते, परंतु ती ईएन ३८८ या मानकाची असते आणि तिच्यासोबत हातोड्याचे चित्र व अंक असतात. दुचाकीच्या हातमोज्यावर मोटारसायकलस्वाराचे चित्र, मानकाचा क्रमांक व स्तर असे तिन्ही तपशील आतील पट्टीवर असावे लागतात.

निवड

माप : अंगठा वगळून तळहाताचा घेर बोटांच्या सांध्यांपाशी मोजावा. सुमारे २०३ मिलिमीटर (८ इंच) घेराला ८ क्रमांकाचे, तर सुमारे २२९ मिलिमीटर (९ इंच) घेराला ९ क्रमांकाचे माप लागते. हातमोजा घालून मूठ वळवून पाहावी. बोटांची टोके शिवणीला दाबली जाऊ नयेत आणि तळव्यात सुरकुत्या साचू नयेत. पट्टा आवळून दुसऱ्या हाताने हातमोजा जोराने ओढावा. तो निघाल्यास घेऊ नये. शेवटी गाडीवर बसून क्लच, ब्रेक, इंडिकेटर व हॉर्न सहज चालवता येतात का हे तपासावे.

ऋतू : एकच हातमोजा तिन्ही ऋतूंत सारखा उपयोगी पडणे कठीण असते. उन्हाळ्यातील जाळीदार हातमोज्यातही तळव्याला चामडे व मनगटाला पट्टा असावा. ज्यांना एकाच जोडीचा खर्च परवडतो, त्यांनी पटल असलेला मध्यम जाडीचा हातमोजा घ्यावा, किंवा हवेशीर संरक्षक हातमोजा घेऊन पावसात त्यावर पातळ जलरोधक आवरण चढवावे. दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे. पैसे अपुरे असल्यास ऊब व जलरोधकता यांपेक्षा तळवा, पट्टा व शिवण यांना प्राधान्य द्यावे. कारण ऊब आतल्या पातळ मोज्याने वाढवता येते, चामडे मागाहून वाढवता येत नाही.

प्रचलित पर्याय व त्यांच्या मर्यादा

पुणे परिसरात स्त्रिया चेहऱ्यास स्कार्फ व कोपरापर्यंतचे सुती हातमोजे घालून दुचाकी चालवतात. हे हातमोजे ऊन व धूळ अडवतात, पण पडल्यावर संरक्षण देत नाहीत. ठिपके असलेले विणलेले सुती हातमोजे कारखान्यात मिळत असल्याने अनेक कामगार तेच घालून घरी जातात. त्यांना पट्टा नसतो आणि तेलाने भिजलेले असल्यास मुठीवरून हात सटकतो. दूध व वर्तमानपत्र टाकणारे विक्रेते हँडलला रेक्झिनचे आवरण बसवतात. त्याने वारा व पाऊस चांगला अडतो, मात्र पडताना हात त्यातून चटकन बाहेर निघेल इतके त्याचे तोंड सैल असणे आवश्यक आहे. हातमोज्याखाली प्लास्टिकची पिशवी गुंडाळल्यास पाऊस अडतो, पण घामाने हात आतून ओला होतो व पकड ढिली पडते.

निगा

ओले हातमोजे सावलीत, हवेशीर जागी वाळवावेत. गरम सायलेन्सरवर किंवा कडक उन्हात वाळवल्यास चामडे कडक होऊन तडकते आणि पटलाची चिकटवण सुटते. पावसाळ्यात बंद डिकीत किंवा कारखान्याच्या लॉकरमध्ये ओले हातमोजे ठेवल्यास त्यांना बुरशी लागते. एकदा जोराने पडल्यानंतर शिवण उसवली असल्यास, तळवा पातळ झाला असल्यास किंवा कवचाला तडा गेला असल्यास हातमोजा वरून चांगला दिसला तरी बदलावा.

हे सुद्धा पहा

- शिरस्त्राण
- मोटारसायकल
- पिंपरी-चिंचवड
- चाकण
- रस्ता सुरक्षा