ज्वाळेविना वीज

शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना एक प्रयोग आठवत असेल. थोडे अम्ल घातलेल्या पाण्यातून वीज खेळविली म्हणजे एका नळीत हायड्रोजन आणि दुसरीत प्राणवायू जमू लागतो. मग त्याच दोन वायूंचे पुन्हा पाणी होऊ दिले, तर फोडताना खर्ची पडलेली वीज आपल्याला परत मिळेल काय?

वेल्समधील विल्यम ग्रोव्ह यांनी हा प्रश्न १८३९ च्या सुमारास हाती घेतला. ग्रोव्ह हे व्यवसायाने वकील, पुढे न्यायाधीश झाले. पण त्यांचे मन रमे ते प्रयोगशाळेत. सौम्य गंधकाम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या उभ्या करून त्यांनी एकीला हायड्रोजन आणि दुसरीला प्राणवायू पुरविला, असे अनेक घट एकमेकांस जोडले, आणि त्यांतून मिळालेल्या विजेने दुसऱ्या भांड्यातील पाणी फोडून दाखविले. या साधनाला आज आपण इंधनघट म्हणतो.

यात विशेष काय, असे कोणी विचारील. वीजकेंद्रात आपण कोळसा जाळतो, पाण्याची वाफ करतो, वाफेने चक्र फिरवितो आणि चक्राने वीज निर्माण करतो. यातील प्रत्येक पायरीवर काही शक्ती वाया जाते. इंधनघटात ज्वाळा नाही, चक्र नाही. रासायनिक शक्तीची थेट वीज होते. साध्या विद्युद्घटात शक्ती साठविलेली असते, ती संपली की तो निकामी होतो. इंधनघटात काहीच साठविलेले नसते. त्याला बाहेरून पोसावे लागते, आणि पोसले जाईल तोवर तो वीज देत राहतो. या घटाचा सारा इतिहास त्याच्या या स्वभावातच सामावलेला आहे.

युक्ती इतकी साधी असूनही ती शंभर वर्षे जवळजवळ पडून राहिली. १८८९ साली लुडविग मॉण्ड आणि कार्ल लँगर यांनी तिला व्यवहारात आणण्याची खटपट केली. पण प्लॅटिनमची किंमत आड आली. शिवाय एव्हाना डायनॅमो आला होता आणि कोळसा स्वस्त होता. ही कोंडी फोडली ती फ्रान्सिस टॉमस बेकन या इंग्रज अभियंत्याने. १९३० नंतरच्या काळात त्यांनी हा विषय हाती घेतला आणि उणीपुरी पंचवीस वर्षे त्याचा पिच्छा पुरविला. प्लॅटिनमच्या जागी त्यांनी सच्छिद्र निकेल घेतले आणि अम्लाच्या जागी कॉस्टिक पोटॅशचा विद्राव. १९५९ च्या ऑगस्ट महिन्यात केंब्रिज येथे त्यांच्या ५ किलोवॅटच्या संचाने लाकूड कापण्याची गोल करवत आणि जोडकामाचे यंत्र चालवून दाखविले.

बेकन यांच्या एकस्वांचे अधिकार अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी या विमानांची एंजिने बनविणाऱ्या कंपनीने घेतले, आणि १९६२ साली चांद्रयानासाठी घट बनविण्याचे काम तिच्याकडे आले. अवकाशात किमतीपेक्षा वजनाला महत्त्व असते. दोन आठवडे पुरतील इतके साधे विद्युद्घट नेणे शक्य नव्हते. इंधनघट मात्र हलका, आणि त्यातून निघणारे पाणी अंतराळवीरांना पिण्यास उपयोगी. अपोलो यानात असे तीन संच होते, प्रत्येकात ३१ घट. तिघांची मिळून कमाल शक्ती सव्वाचार किलोवॅटच्या आसपास, म्हणजे आजच्या घरातील पाणी तापविण्याच्या दोन गीझरांइतकी. तेवढ्या विजेवर माणूस चंद्राजवळ जाऊन परत आला.

१३ एप्रिल १९७० रोजी अपोलो १३ या यानातील प्राणवायूची एक टाकी फुटली आणि दुसरीतूनही वायू निसटू लागला. एकामागून एक तिन्ही संच निपचित पडले. अंतराळवीरांनी चांद्रकोशात आसरा घेतला आणि त्यातील साध्या विद्युद्घटांवर, थंडी व तहान सोशीत, ते पृथ्वीवर परतले. अपघाताचे मूळ घटांत नव्हते. ते उपाशी पडले होते.

त्याच कंपनीपुढे पुढचा प्रश्न उभा राहिला तो जमिनीवरचा. वायुपुरवठा करणाऱ्या कंपन्यांच्या साहाय्याने १९६७ पासून घरांसाठी व दुकानांसाठी १२.५ किलोवॅटचे संच तयार करून ते वापरून पाहण्यात आले. पुढे न्यूयॉर्क शहरात ४.५ मेगावॅटचे केंद्र उभारले गेले. पण परवानग्या आणि चाचण्या यांत इतकी वर्षे गेली, की ते कधी कामाला लागलेच नाही. तशाच जातीचे जपानमधील केंद्र मात्र १९८३ पासून चालले. फॉस्फरिक अम्लावर चालणारा २०० किलोवॅटचा संच १९९० नंतर इस्पितळे, हॉटेले, कचेऱ्या यांच्या आवारात दिसू लागला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील पोलीसठाण्यात असा एक संच होता. १४ ऑगस्ट २००३ रोजी सारे शहर अंधारात बुडाले असता त्या ठाण्यातील दिवे जळत राहिले.

अवकाशातील काम चालूच होते. स्पेस शटलची याने १९८१ पासून २०११ पर्यंत याच कारखान्याच्या घटांवर चालली. कॅलिफोर्नियातील शहरी बसगाड्यांतही त्याचे घट बसविले गेले आणि एका बसमधील संच २०,००० तासांहून अधिक चालला. इमारत, वाहन आणि अवकाशयान या तिन्ही ठिकाणी घटाने आपली लायकी सिद्ध केली होती. त्याला एकच गोष्ट जमली नाही. तारेतून येणाऱ्या स्वस्त विजेशी किमतीत बरोबरी करणे. २०१३ साली मूळ मालकांनी हा विभाग विकून टाकला. घेणाऱ्या कंपनीने पुढच्याच वर्षी दिवाळे काढले, आणि कोरियातील दूसान या उद्योगसमूहाने तो विकत घेतला. चंद्राच्या वाटेवर ज्यांचे घट चालले त्यांचा वारसा असा लिलावाच्या वाटेने गेला. भांडवल हेही एक इंधनच आहे, आणि तेही बाहेरूनच यावे लागते.

आपल्या देशात २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वदेशी इंधनघटावर चालणारी बस लोकांपुढे आली. १ जानेवारी २०२४ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही अग्निबाणाबरोबर गेलेल्या मंचावर इस्रोने १०० वॅट वर्गाच्या घटाची अवकाशात यशस्वी चाचणी घेतली. अभिमान वाटावा अशाच या गोष्टी आहेत. पण अभिमानाच्या भरात एक प्रश्न विसरता कामा नये : हायड्रोजन येणार कोठून? अमेरिकेतील इमारतींतले ते संच हायड्रोजन काढीत तो नैसर्गिक वायूपासून, आणि त्यात कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जाईच. कोळशाच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन मिळविला, तर आपण ज्वाळा विझविली नाही, नजरेआड केली एवढेच. तेच पाणी सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने फोडले, तर मात्र शाळेतल्या त्या प्रयोगाचे दोन्ही अर्ध एकमेकांना मिळतील. इंधनघट कसा करावा हे ग्रोव्ह यांनी सांगितले, आणि तो उपयोगी कसा करावा हे बेकन यांनी दाखविले. तो कशावर पोसावयाचा, हे आपल्याला ठरवावयाचे आहे.