वर्तुळाकार फिशआय लेन्सची पारख

नेहमीची लेन्स आयताकृती चौकटीत मावेल तेवढेच दृश्य टिपते. वर्तुळाकार फिशआय लेन्स मात्र समोरचे सुमारे १८० अंशांचे दृश्य एका गोलात सामावून घेते आणि गोलाबाहेरची चौकट काळी राहते. या गोलात सरळ इमारती धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात. तो दोष मानून काही जण ही लेन्स नाकारतात, तर काही जण त्याच चमत्कृतीला भुलून ती विकत घेतात. वस्तुतः वक्रता ही या लेन्सची कसोटीच नव्हे. तिचा खरा कस लागतो तो गोलाच्या कडेला.

पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला प्रकाशाच्या अपवर्तनामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आकाश सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळात दिसते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी पाण्याने भरलेल्या कॅमेऱ्याने असे दृश्य टिपले आणि १९०६ मध्ये त्याला 'फिश-आय' हे नाव दिले. १९२० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन हिल यांनी ढगांच्या अभ्यासासाठी संपूर्ण आकाश टिपणारी लेन्स बनवली. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावर बसवता येणारी निकॉनची ८ मिलिमीटरची फिशआय लेन्स १९६२ मध्ये आली. थोडक्यात, ही लेन्स जन्मली ती निरीक्षणासाठी.

सरळ रेषा सरळच ठेवायच्या, तर १८० अंशांच्या दृश्यासाठी अनंत रुंदीचा सेन्सर लागेल. म्हणूनच फिशआय लेन्स रेषांना वाकू देते. केवळ गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या रेषाच सरळ राहतात.

पारख करताना प्रथम लेन्स आणि सेन्सर यांचा मेळ पाहावा. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते. ८ मिलिमीटरच्या लेन्सचा गोल साधारण २३ मिलिमीटर व्यासाचा असल्याने तो त्यात पूर्ण मावतो. सुमारे १६ मिलिमीटर उंचीच्या लहान सेन्सरवर तोच गोल वर-खाली कापला जातो. तेथे साडेचार मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लागते. गोलाने चौकटीचा निम्म्याहून थोडा कमीच भाग व्यापला जातो, हेही ध्यानात ठेवावे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून हाती येते ते साडेअकरा मेगापिक्सेलचे चित्र.

दुसरी आणि निर्णायक कसोटी कडेची. लेन्स आकाशाकडे रोखली असता क्षितिजालगतच्या ३० अंशांच्या पट्ट्यात आकाशाच्या अर्धगोलाचे निम्मे क्षेत्रफळ येते. साहजिकच कड धूसर असेल तर बिघडते ते जवळपास अर्धे चित्र. उजळ आकाशासमोर झाडाच्या बारीक फांद्या येतील असे छायाचित्र घ्यावे आणि ते पूर्ण मोठे करून पाहावे. कडेला जांभळ्या-हिरव्या किनारी दिसतात का आणि फांद्या एकमेकींत मिसळतात का, हे तपासावे. जंगलातील पर्णछत्राची घनता अशाच छायाचित्रांवरून मोजली जाते. तेथे धूसर कड म्हणजे चुकीचे मोजमाप.

तिसरी कसोटी सूर्याची. उघड्यावर सूर्य बहुधा चौकटीतच येतो. पुढची काच फुगीर असल्याने तिच्यावर नेहमीचा फिल्टर बसत नाही आणि सावली धरणारे हूडही लावता येत नाही. प्रखर प्रकाशात ठिपके व झळाळी किती उमटते, हे खरेदीपूर्वीच पाहणे श्रेयस्कर.

फोकसबाबत मात्र फार कठोर होण्याचे कारण नाही. ८ मिलिमीटर लेन्सवर एफ/८ छिद्र आणि सुमारे २७ सेंटिमीटरवर फोकस ठेवला, तर साधारण १४ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते. स्वयंचलित फोकस नसलेली लेन्सही त्यामुळे उपयुक्त ठरते.

आकाशनिरीक्षण, पर्णछत्राचे मोजमाप, तारांगणाच्या घुमटासाठीची चित्रे वा ३६० अंशांची दृश्ये हे प्रयोजन असेल, तर या लेन्सला तोड नाही. केवळ वाकलेल्या क्षितिजाची हौस असेल, तर पूर्ण चौकट भरणारी, कर्णावर १८० अंश दाखवणारी फिशआय अधिक वापरात राहते. कॅननने २०१० मध्ये आणि निकॉनने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या ८-१५ मिलिमीटर झूम लेन्स फुल फ्रेमवर दोन्ही प्रकार देतात. निर्णय होत नसेल, तर एक-दोन दिवस लेन्स भाड्याने घेऊन वरील कसोट्या लावाव्यात. गोल चित्राची पहिली नवलाई ओसरल्यावरही ती हाताळावीशी वाटली, तरच खरेदीचा विचार करावा.