सूर्यकिरण : ११.५० पर्यंतचं माप

कुपवाड एमआयडीसीत लेथवर उभ्या राहणाऱ्याला मापाची किंमत सांगावी लागत नाही. केसभर हुकलं की जॉब भंगारात. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरती करणाऱ्या चमूचे वैमानिकही मापावरच उडतात. तिथं माप हुकलं, मग कारण कुठलंही असो, दुसरा जॉब लावता येत नाही.

१९९६ : बीदरच्या हवाई तळावर चमू उभा राहिला. विमानं किरण मार्क-२, पुढे नऊ विमानांची रचना.

१८ मार्च २००६ : बीदरजवळ सरावात विमान कोसळलं. विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वाड्रन लीडर शैलेंदर सिंग गेले.

२१ जानेवारी २००९ : पुन्हा बीदर, पुन्हा सराव. विंग कमांडर धालीवाल गेले. २०११ मध्ये किरण विमानांची कवायत थांबली. पुढे चमू हॉक विमानांवर परतला.

१९ फेब्रुवारी २०१९, सकाळ : बेंगळुरूचा येलहंका तळ. दुसऱ्या दिवशी ‘एरो इंडिया’ या हवाई प्रदर्शनाचं उद्घाटन. सूर्यकिरणची हॉक विमानं सरावासाठी आकाशात.

११.५० च्या आधीचे क्षण : ताशी ५०० किलोमीटर वेगानं जाणारं विमान सेकंदाला सुमारे १४० मीटर कापतं. शेजारचं विमान मात्र काही मीटरवर. पापणी लवण्याएवढीही सवड नाही.

सुमारे ११.५० : दोन हॉक एकमेकांवर आदळली. एकात विंग कमांडर साहिल गांधी एकटे. दुसऱ्यात विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वाड्रन लीडर तेजेश्वर सिंग.

पुढचे काही सेकंद : सीटचा हँडल ओढला की डोक्यावरची काच फुटते, सीटखालचं रॉकेट पेटतं, माणूस सीटसकट बाहेर फेकला जातो आणि पॅराशूट उघडतं. शेळके आणि सिंग असेच बाहेर पडले; जखमी झाले, पण वाचले. साहिल गांधी वाचले नाहीत.

दुपार : वस्तीजवळ पडलेले अवशेष, धूर, धावपळ. हवाई दलानं चौकशीचे आदेश दिले.

२० फेब्रुवारी : ‘एरो इंडिया’ ठरल्या दिवशी सुरू झाला.

२००६, २००९, २०१९. तिन्ही अपघात सरावातले, आणि त्यांत गेलेले अधिकारी चार. डोक्यावरून ही विमानं जातील तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. त्यांतली एक टाळी सरावात गेलेल्या या चौघांसाठी असू द्या.