पोथीची प्रत आणि प्रोग्रामची आवृत्ती

महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही घळ शोधून काढली. वीस दशक आणि दोनशे समास अशी आज या ग्रंथाची रचना आहे. पण त्याआधीचा ‘एकवीस समासी’ हा ‘जुना दासबोध’ म्हणून स्वतंत्रपणे टिकला, म्हणूनच समर्थांच्या विचाराची वाटचाल आपल्याला ताडून पाहता येते. जुनी प्रत नव्या प्रतीखाली गाडली गेली असती, तर हा अभ्यासच संभवला नसता.

संगणकाचा प्रोग्राम हाही अखेर लिहिलेला मजकूरच. तोही अनेक हातांतून जातो, दुरुस्त होतो, बिघडतो. त्याच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या शास्त्राला सॉफ्टवेअर कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये ‘एससीसीएस’ हे साधन रचले. पुढे वॉल्टर टिची यांच्या ‘आरसीएस’ने अद्ययावत प्रत पूर्ण ठेवून मागील प्रतींसाठी केवळ फरक जपण्याची युक्ती काढली. ‘सीव्हीएस’मुळे अनेकांना एकाच वेळी काम करता आले. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘सबव्हर्जन’ने अनेक फायलींतील बदल एकच घटना म्हणून नोंदवला: नोंद होईल तर सगळी, नाहीतर मुळीच नाही.

२००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ रचले. त्यात सामान्यतः प्रत्येकाच्या प्रतीबरोबर संपूर्ण इतिहास जातो. प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आशयातून आणि पूर्वीच्या नोंदीच्या ओळखीतून गणिताने ठरते. त्यामुळे मागे जाऊन एक अक्षर बदलले तरी पुढची सारी साखळी बदलते. गुपचूप घुसवलेला प्रक्षेप येथे लपत नाही. मात्र सुरुवातीला इतर प्रोग्रामांना गिटचे आदेश चालवून त्यांनी छापलेले उत्तर वाचावे लागे. शॉन पियर्स यांनी २००८ मध्ये आरंभिलेल्या ‘लिबगिट२’ने ही क्रिया लायब्ररीच्या, म्हणजे कोणत्याही प्रोग्रामला थेट वापरता येणाऱ्या तयार कार्यांच्या, रूपात आणली.

या साऱ्या सुधारणांनी ‘काय बदलले, कोणी, केव्हा’ हे यंत्राकडे सोपवले. ‘का’ हे मात्र आजही बदल करणाऱ्यानेच लिहावे लागते, आणि तेच बहुधा एका कोरड्या शब्दात उरकले जाते.

ती उणीव किती महाग पडते, हे पोलादपूरला उमगते. तेथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेले त्यांचे संस्कृत ‘शिवभारत’ ३२व्या अध्यायाच्या आरंभीच थांबते. कवीची लेखणी थांबली, की लेखनिकाची, की पुढची पाने गेली? पोथी सांगत नाही. वर्गात पाठभेद शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना म्हणूनच सांगतो, की दुरुस्ती करा. पण तिच्याशेजारी कारणाची एक ओळ अवश्य लिहा.