कोकणकिनाऱ्यावरील कासवांचे विखुरणे आणि तगणे

कोकणकिनाऱ्यावरील गुहागर, आंजर्ले आणि वेळास येथील पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे हिवाळ्यात अंडी घालण्यास येतात. मादी मागच्या वल्ह्यांनी वाळूत सुरईच्या आकाराचा खड्डा उकरते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालून तो बुजवते आणि समुद्रात परतते. त्यानंतर सुमारे ४५ ते ६० दिवस त्या अंड्यांची सारी भिस्त वाळूच्या उबेवर असते. वाळू तापली तर माद्या अधिक निपजतात, फारच तापली तर गर्भ दगावतात आणि उधाणाचे पाणी चढले तर अख्खे घरटेच वाहून जाते.

पूर्वी या संकटांत अंड्यांच्या चोरीची भर पडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही ती थांबली नव्हती आणि २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांच्या साथीने संरक्षण आरंभले, तेव्हा कुठे चित्र पालटू लागले. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली, यावरून दोन्ही किनाऱ्यांमध्ये कासवांचे अपगमन, म्हणजे एका प्रजननस्थळाहून दुसऱ्याकडे जाणे, घडू शकते हे दिसून आले. एका किनाऱ्यावरील वाईट हंगामाची तूट दुसरा किनारा भरून काढू शकतो, परंतु दोन्हीकडे एकाच वेळी उष्मा वाढला तर विखुरण्याचा हा आधार तोकडा पडतो. म्हणूनच कोकणातील प्रत्येक लहान पुळण जपणे अगत्याचे आहे.