रखमाबाईंचे आडनाव कोणते?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वंशावळीचा एखादा जुना कागद पेटीच्या तळाशी असतोच. तो उलगडला म्हणजे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा एकामागून एक उभे राहतात. पण त्यांच्या बहिणी कोणत्या घरी दिल्या, हे विचारू लागलो की कागद मुका होतो. लग्नात मुलीचे आडनाव बदलते, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. आणि ज्या लग्नाने हे सारे घडले, त्याचीच नोंद मिळत नाही. ही अडचण केवळ सामान्य घराण्यांची नाही. जिच्या खटल्याने हिंदुस्थान आणि इंग्लंड दोन्ही ठिकाणी खळबळ उडवली, त्या डॉक्टर रखमाबाईंची कथाही हीच आहे.

रखमाबाईंच्या वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग. यात आडनाव कोठे आहे? कोठेच नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मुंबईच्या लोकांत स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, एवढेच लिहिण्याची रीत फार होती. जगन्नाथ शंकरशेट यांचे आडनाव मुरकुटे. शंकरशेट हे त्यांच्या वडिलांचे नाव. भाऊ दाजी हे लाड होते, आणि दादोबा पांडुरंग व आत्माराम पांडुरंग हे बंधू तर्खडकर होते. येथेच संशोधकाचा पाय घसरतो. जनार्दन पांडुरंग हेही त्याच पांडुरंगांचे चिरंजीव असावेत, असे उतावळ्या माणसास वाटेल. पण त्यांची ज्ञाती निराळी, घराणे निराळे. केवळ बापाचे नाव जुळले म्हणून नाते जुळत नाही, हा वंशावळीचा पहिला धडा होय.

मग आज रखमाबाईंच्या नावापुढे ‘राऊत’ हे आडनाव येते ते कोठून? जनार्दन पांडुरंग वारल्यावर त्यांच्या विधवा पत्नी जयंतीबाई यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. मुंबईतील नामांकित वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार अशी त्यांची ख्याती होती. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी ते एक होत. राऊत हे आडनाव त्यांचे, म्हणजे सावत्र वडिलांचे. माहेरचे म्हणावे तर ते जन्मदात्याचे नव्हे. सासरचे तर नव्हेच.

आता लग्नाकडे वळू. दादाजी भिकाजी यांच्याशी रखमाबाईंचे लग्न बालपणीच झाले. पण त्या नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांच्या निकालपत्रात म्हटले आहे की, अकरा वर्षांपूर्वी, मुलगी अकरा वर्षांची असताना लग्न झाले आणि आता ती बावीस वर्षांची आहे. हिशेब केला तर लग्न १८७४ चे आणि जन्म १८६३ च्या सुमाराचा ठरतो. परंतु चरित्रांतून जन्मतारीख २२ नोव्हेंबर १८६४ अशी दिली जाते आणि लग्नाच्या वेळचे वय अकराच सांगितले जाते. तसे असेल तर लग्न १८७५ च्या अखेरीस किंवा १८७६ मध्ये झाले असले पाहिजे. लग्नसंस्कार झाला हे दोन्ही पक्षांस मान्य होते. पण त्या दिवशी कोणी सरकारी दप्तरात ओळ लिहिली नव्हती. म्हणून इतक्या गाजलेल्या लग्नाचे सालही दोन-एक वर्षे मागेपुढे हलत राहते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एवढी माहिती तरी मिळते ती तंटा झाला म्हणून. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या साऱ्या कागदांमुळे त्यांचे लग्न इतिहासात उरले. त्या निमूटपणे सासरी गेल्या असत्या तर? आपल्या खापरपणजीप्रमाणे त्याही वंशावळीतला एक रिकामा ठिपका झाल्या असत्या!

आमच्या भागात विवाहनोंदणीचा सर्वसाधारण कायदा झाला तो १९५३ चा; त्यानंतर महाराष्ट्राने १९९८ साली नवा कायदा केला, आणि सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. त्यापूर्वीच्या लग्नांसाठी शोधकाने दुसऱ्या वाटा धराव्यात. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात, वाटणीपत्रे आणि बक्षीसपत्रे पाहावीत, कोर्टाची दप्तरे चाळावीत. १८५६ च्या कायद्याप्रमाणे पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क जाई. म्हणून जयंतीबाईंनी ती मिळकत आधीच मुलीच्या नावे केली होती. जेथे लग्नाचा कागद नसतो, तेथे मिळकतीचा कागद बोलतो.

रखमाबाई पुढे लंडनला शिकल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली आणि १९५५ साली त्या निवर्तल्या. दादाजी १९०४ साली वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली, असे चरित्रकार सांगतात. ज्या लग्नाचे बंधन मानण्याऐवजी तुरुंग पत्करला, त्याची ही खूण त्यांनी का बाळगली असेल? वंशावळीच्या रकान्यात या प्रश्नास जागा नाही.

मग त्यांना कोणत्या घराण्यात लिहावे? खटल्याच्या मथळ्यावर दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई एवढेच आहे. पुढे आडनाव नाही. आम्हांस वाटते, तेच खरे. वंशावळ लिहिताना आडनाव सापडले नाही तर जागा कोरी ठेवावी, अंदाजाचे आडनाव डकवू नये. पण बाईचे नाव मात्र गाळू नये. आज रात्री घरी गेल्यावर आपण तो जुना कागद काढावा, आणि घरातील वडील बायकांना जवळ बसवून एकच विचारावे: आजीच्या आईचे माहेर कोणते? हे सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवरच विचारून ठेवले पाहिजे.